अस्वलाचे कान आणि विणकराचा वेळ

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात फुलांना जागा नसते. लढाया, तह, कायदे आणि सनावळ्या यांतच पाने संपून जातात. चौतीस वर्षे मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. निवृत्तीनंतर मात्र हाताशी वेळ आला आणि वाचनाला शिस्त राहिली नाही. (हे निवृत्तीचे खरे सुख!) अशाच भटक्या वाचनात एका फुलाची गोष्ट सापडली. त्या गोष्टीत आल्प्सचे कडे आहेत, आपले गोवे आहे, दारूचे गुत्ते आहेत, चार्ल्स डार्विन आहे, आणि मुख्य म्हणजे हातमाग आहे. विणकरांच्या गावात जन्मलेल्या माणसाला ती गोष्ट सोडवेना, म्हणून आज इथे लिहून काढतो.

फुलाचे नाव ऑरिक्युला. शास्त्रीय नाव प्रिम्युला ऑरिक्युला, हे लिनियसने १७५३ साली दिलेले. लॅटिनमध्ये ऑरिक्युला म्हणजे इवलासा कान. जुने वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला 'अस्वलाचे कान' म्हणत, कारण पाने जाड, गुबगुबीत आणि कानाच्या आकाराची. रोप वीतभर उंचीचे, वर्षानुवर्षे जगणारे. मूळ ठिकाण म्हणजे आल्प्स आणि त्याच्या आसपासचे युरोपातले डोंगर. तिथे चुनखडीच्या कड्यांच्या फटींत ते उगवते आणि बर्फ वितळला की पिवळ्या, सुवासिक फुलांचा झुबका वर काढतो. पानांवर आणि फुलांवर कधी कधी पांढरी भुकटी असते. गिरणीतून दळण आणले की हाताला पीठ लागते ना, अगदी तशी. इंग्रज बागवानही तिला 'पीठ'च म्हणतात.

हे रोप थंडीला भीत नाही. महिनोन्‌महिने बर्फाखाली राहायची त्याला सवय आहे. भीती आहे ती दोनच गोष्टींची, मुळाशी साचलेले पाणी आणि उन्हाळ्याची काहिली. त्यामुळे पुण्या-कोल्हापूरकडच्या बागप्रेमींनी उगाच बी मागवायच्या भानगडीत पडू नये. आपला एप्रिल-मे त्याला सोसायचा नाही.

डोंगरातले हे रोप बागेत कसे आले, ते आता पाहू. इथे कारोलस क्लुसियस या विद्वानाची गाठ पडते. १५७३ साली सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याच्या बोलावण्यावरून तो व्हिएन्नाला आला. ऑस्ट्रियाचे डोंगर त्याने पायी पालथे घातले आणि तिथल्या वनस्पतींवर १५८३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात हे अस्वलाचे कान आहेत. व्हिएन्नातला त्याचा स्नेही, वैद्यकाचा प्राध्यापक आइखहोल्त्स, याच्या बागेत त्याला रंगीत फुलांचा एक प्रकार दिसला. मूळ रोप इन्सब्रुककडच्या डोंगरातले होते. एकोणिसाव्या शतकात अंतोन केर्नर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला. तो प्रकार म्हणजे दोन जातींचा नैसर्गिक संकर होता. एक जात चुनखडीवर वाढणारी, पिवळ्या फुलांची. दुसरी चुना नसलेल्या खडकावरची, गुलाबी फुलांची. जिथे दोन्ही खडक शेजारी येतात तिथे ही सोयरीक जमली होती. आजच्या बागांतल्या ऑरिक्युलांचे शेकडो रंग मुख्यतः या सोयरिकीतून निघाले.

या क्लुसियसचा आपल्याशीही एक धागा आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. भारतातल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेले संवादरूपी पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. ते क्लुसियसच्या हाती लागले आणि त्याने त्याचा लॅटिन संक्षेप करून १५६७ साली अँटवर्पला छापला. हिंग, आंबा, फणस, भांग यांची शास्त्रशुद्ध ओळख युरोपातल्या पंडितांना झाली ती बरीचशी या लॅटिन पुस्तकामुळे. पुढे १५८० साली धर्मन्यायालयाने ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली, कारण तो मूळचा ज्यू. त्याचे पुस्तक मात्र क्लुसियसच्या लॅटिनमधून युरोपभर वाचले जात राहिले. गोव्याच्या वनस्पती युरोपला सांगणारा आणि आल्प्सचे फूल बागेत आणणारा माणूस एकच, हे वाचून मला फार बरे वाटले.

इंग्लंडमध्ये जॉन जेरार्डच्या १५९७ च्या ग्रंथात या फुलाचे बरेच प्रकार दिलेले आहेत. आल्प्समध्ये रानबकऱ्यांच्या मागे जाणारे शिकारी कड्यावर चक्कर येऊ नये म्हणून याचे मूळ वापरतात, असेही तो नोंदवतो.

आता ते इंग्लंडला कोणी नेले? याची एक गोड दंतकथा आहे. सोळाव्या शतकात धर्मछळाला कंटाळून फ्लँडर्सचे विणकर इंग्लंडला पळाले आणि पळताना ऑरिक्युलाची रोपे बरोबर घेऊन गेले, अशी. गोष्ट मनाला भिडते. माग मागे राहिला, पण रोप उराशी धरले! पण इतिहासाचा मास्तर म्हणून विचारावेच लागते, पुरावा काय? रूथ डथी या अभ्यासक बाईंनी १९८८ च्या त्यांच्या पुस्तकात या प्रश्नाची नीट छाननी केली आहे. त्या काळचा एकही कागद ही गोष्ट सांगत नाही. सापडतो तो वेगळा पुरावा. नॉरिच हे विणकरांचे शहर, तिथे फ्लँडर्सहून आलेले लोकही पुष्कळ. त्या नॉरिचमध्ये ३ मे १६३१ रोजी फुलवाल्यांचा मेळा भरला होता आणि त्यासाठी रचलेले एक नाटक करण्यात आले. म्हणजे विणकरांची गावे आणि फुलांचा नाद यांची संगत जुनी आहे खरी, पण उराशी धरलेल्या रोपाची गोष्ट मागाहून रचलेली असावी. दंतकथा गेली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. खरी गोष्ट तिच्याहून मोठी आहे.

मी 'फुलवाले' म्हटले. इंग्रजीत 'फ्लोरिस्ट' म्हणजे आज फुले विकणारा. त्या काळी या शब्दाचा अर्थ निराळा होता. ठरावीक फुले ठरावीक नियमांनुसार वाढवून त्यांना पूर्णत्वाला नेणारा तो फ्लोरिस्ट. अठराव्या शतकाच्या अखेरीस अशी आठ फुले मानली जात. ऑरिक्युला, पॉलिअँथस, हायसिंथ, अ‍ॅनिमोनी, रॅननक्युलस, ट्युलिप, कार्नेशन आणि पिंक. सुरुवातीला हा नाद पैसेवाल्यांचाही होता. ऑरिक्युलाच्या कुंड्या मांडायला ते लाकडी पायऱ्यांचे छोटे रंगमंच बांधत आणि त्याला 'थिएटर'च म्हणत. डर्बीशायरमधल्या काल्क अ‍ॅबी या वाड्यात असे एक थिएटर आजही आहे.

मग अठराव्या शतकाच्या मध्याला या फुलात एक विलक्षण बदल झाला. पाकळ्यांची कड हिरवी झाली. म्हणजे पाकळीच्या कडेचा भाग चक्क पानासारखा बनला. कडेवर पीठ नसेल तर ती हिरवी दिसते, थोडे असेल तर राखाडी, दाट असेल तर पांढरी. मधोमध पिवळी नळी, तिच्याभोवती पिठाचे शुभ्र कडे, त्याभोवती गर्द काळसर रंग आणि शेवटी ही कड. सारी वर्तुळे कंपासने काढल्यासारखी! फूल रुपयाच्या नाण्याएवढे, पण पाहणाऱ्याला वाटावे की हे उगवलेले नसून कोणीतरी बसून रंगवलेले आहे.

आणि ही फुले कमालीची निगुतीने वाढवणाऱ्यांत अग्रभागी कोण होते? लँकाशायर आणि चेशायरचे हातमाग विणकर! मँचेस्टरभोवतालच्या गावांत, दोन खोल्यांच्या घरांत राहणारी, मागावर पोट असलेली माणसे.

असे का, याचा उलगडा मला पुस्तकातून झाला नाही. माझा भाचा मँचेस्टरजवळच्या एका गावात असतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी त्याच्याकडे गेलो होतो. शेजारी एक निवृत्त बसचालक राहत. त्यांच्या मागील दारी, उत्तरेच्या भिंतीला टेकवलेल्या काचेच्या झाकणाखाली पंचवीस-तीस कुंड्या होत्या. भाच्याने ओळख करून दिली, "हे माझे मामा, इतिहासाचे शिक्षक." गृहस्थांनी मला भिंग दिले आणि पहिलीच ताकीद दिली की पानाला बोट लावू नका. बोटाचा ठसा पिठावर उमटला तर ते पान गळेपर्यंत जात नाही. मग तासभर ते वर्षाचा क्रम सांगत होते आणि मी वहीत उतरून घेत होतो. तो क्रम असा.

हिवाळ्यात रोप झोपते. बाहेरची पाने पिवळी पडून झडतात, मधे घट्ट मूठ राहते. तेव्हा पाणी जवळजवळ बंद. कुंडीतली माती गोठली तरी चालेल, पण ओली राहता कामा नये. फेब्रुवारीत मूठ उघडू लागली की वरची माती काढून ताजी घालायची आणि हळूहळू पाणी वाढवायचे. मार्चमध्ये कळ्यांचा दांडा दिसतो. इथून पुढे पावसाचा एक थेंब वरून पडू द्यायचा नाही, कारण पीठ धुऊन जाते आणि फूल डागाळते. पण हवा तर हवी. म्हणून सकाळी झाकण उघडा, सर आली की झाका, ऊन तापले की सावली करा, ढग आला की सावली काढा. एप्रिलअखेर फुले येतात आणि प्रदर्शने भरतात. फुले सरली की रोप उपटून मुळांची माती झाडायची. जुने मूळ गाजरासारखे जाड असते, त्याचा कुजका शेवट कापून टाकायचा. बाजूला आलेले फुटवे अलगद सोडवून वेगळे लावायचे. उन्हाळाभर सावलीत ठेवायचे आणि मुळांवर पांढरा लोकरी मावा येतो त्यावर डोळा ठेवायचा.

मी विचारले, यात सर्वांत महाग काय? त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट टेकवले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या फुलाला जमीन लागत नाही, खिडकीची कड पुरते. पैसाही फारसा लागत नाही. लागतो तो दिवसभर विखुरलेला, पाच-पाच मिनिटांचा वेळ. आणि हातमागाचा विणकर नेमका त्याचाच धनी होता. तो घरीच विणत असे. ऊन खिडकीवर आले की धोटा ठेवायचा, उठायचे, कुंड्यांवर सावली करायची, परत मागावर बसायचे. कापड तुकड्यावर मोजले जाई, तासावर नाही. सोमवारी सुट्टी घेऊन ते काम आठवड्याच्या अखेरीस रात्री जागून भरून काढायचे, ही तर त्यांची रीतच होती. 'संत सोमवार' असे विनोदाने म्हणत. उमरावाकडे हे सारे करायला माळी होता. विणकराकडे त्याचा स्वतःचा दिवस होता.

त्यांची प्रदर्शने गुत्त्यांत भरत. कुंड्या ओळीने मांडायच्या, जाणत्यांनी निकाल द्यायचा, मग सर्वांनी जेवायचे. पहिले बक्षीस बहुधा तांब्याची किटली, आणि ती आधी कित्येक दिवस गुत्त्याच्या दारावर टांगलेली असे. नियम कडक. मातीच्या कृती तर गुपित म्हणून जपलेल्या. आयझॅक एमर्टन नावाच्या बागवानाने १८१५ च्या सुमारास आपली कृती छापली, त्यात बैलाच्या रक्तात भिजवलेली हंसाची विष्ठा आणि साखर कारखान्यातली मळी आहे! डोंगरातल्या रोपाला हा पंचपक्वान्नांचा मारा कसा मानवला कोण जाणे. आजचे लोक साधी, निचऱ्याची माती वापरतात.

आता डार्विनची गोष्ट. या कुळातल्या फुलांचे दोन प्रकार असतात. काहींत स्त्रीकेसर लांब असतो आणि नळीच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखा दिसतो. काहींत तो आत दडलेला असतो आणि तोंडाशी पुंकेसरांचा झुबका असतो. १८६२ साली डार्विनने दाखवून दिले की ही परपरागीकरणासाठी निसर्गाने केलेली सोय आहे. पण हे दोन प्रकार फुलवाल्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. पहिल्याला ते 'टाचणी डोळ्याचे' म्हणत आणि प्रदर्शनातून बाद करत. दुसऱ्याला म्हणत 'थ्रम डोळ्याचे'. थ्रम म्हणजे काय? कापड मागावरून कापून काढल्यावर उरतात त्या धाग्यांच्या दशा! डार्विनने आपल्या १८७७ च्या पुस्तकात तळटीप देऊन म्हटले आहे की हे नाव फुले वाढवणाऱ्या एखाद्या विणकरानेच दिले असावे, पुंकेसरांचा झुबका पाहून त्याला आपल्या मागावरच्या दशा आठवल्या असतील. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आजही चालतो. त्या विणकराचे नाव मात्र कोणालाच माहीत नाही.

ही माणसे नुसती हौशी नव्हती. प्रेस्टविचचा जॉन हॉर्सफील्ड हा हातमाग विणकर. लिनियसने केलेले वनस्पतींचे चोवीस वर्ग पाठ व्हावेत म्हणून त्याने त्यांची यादी मागाच्या खांबालाच लावली होती. एलिझाबेथ गॅस्केल यांच्या १८४८ च्या 'मेरी बार्टन' या कादंबरीत मागावर न्यूटनचा ग्रंथ उघडा ठेवून विणणारे आणि वनस्पतींची लॅटिन नावे घडाघड सांगणारे विणकर येतात. ती कल्पनेची भरारी नव्हती, लेखिका त्याच मुलखात राहत होती.

मग काय झाले? यंत्रमाग आला. एडमंड कार्टराइटने त्याचे पेटंट १७८५ सालीच घेतले होते, पण सुती कापडात त्याचा जम बसला १८२० नंतर. तेव्हा ब्रिटनमध्ये सुती हातमागाचे विणकर दोन लाखांहून अधिक होते. १८५० पर्यंत ते पन्नास हजारांच्या आत आले. बोल्टनच्या विणकराला १८०० च्या सुमारास आठवड्याला २५ शिलिंग मिळत, १८३० च्या सुमारास साडेपाच, असे आकडे सांगितले जातात. मँचेस्टरजवळचे मिडलटन हे गाव ऑरिक्युलासाठी प्रसिद्ध. त्याच गावात डॅनिअल बर्टनच्या यंत्रमागाच्या गिरणीवर एप्रिल १८१२ मध्ये जमाव चालून गेला. गोळीबारात निदान पाच माणसे मेली. तारीख वीस एप्रिल, म्हणजे ऐन ऑरिक्युला फुलायचे दिवस. पुढे १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या पीटर्लूच्या मैदानावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या सभेवर घोडेस्वार घातले गेले. त्या सभेला मिडलटनचे लोक सॅम्युअल बॅमफर्ड या विणकराच्या पाठोपाठ रांगेने चालत गेले होते.

आमच्या पाठ्यपुस्तकात एक वाक्य असे: मँचेस्टरच्या यंत्रावरच्या कापडाने हिंदुस्थानचा विणकर बुडाला. वाक्य खरेच आहे. पण मँचेस्टर हा एकच शब्द त्यात आहे. त्या शब्दाच्या आत आधी बुडालेला एक विणकर आहे, हे पुस्तकात नव्हते. अर्थात हिशेब सरळ नाही. १७९० च्या दशकात लँकाशायरच्या विणकराचे बरे दिवस आले ते गिरणीतल्या स्वस्त सुतामुळे, आणि त्या सुताचा कापूस पुष्कळसा गुलामांच्या श्रमातून येत होता. पुढे त्याच सुताने आणि कापडाने आपल्याकडचे चरखे आणि माग थांबवले. तेव्हा लँकाशायरच्या विणकराला निव्वळ बिचारा ठरवून भागत नाही. आणि फुलांच्या कौतुकात आणखी एक गोष्ट विसरली जाते. नवरा उठून कुंड्यांवर सावली करत होता तेव्हा बायको-मुले कांड्या भरत बसलेली असत. बक्षिसांच्या याद्यांत नावे पुरुषांची. तो मोकळा वेळ घरातल्या सर्वांच्या वाट्याला सारखा आला नव्हता.

हे सारे वाचताना मला सारखी आमच्या इचलकरंजीची आठवण येत होती. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचे त्याला पाठबळ होते. पुढे गावाला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' हे नाव पडले आणि आम्हाला त्याचा अभिमानही वाटे. पण यंत्रमाग आला म्हणून हातमाग एका दिवसात गेले नाहीत. माझे वडील माझ्या लहानपणी घरच्या मागावर लुगडी विणत. परसात डालड्याच्या डब्यांत त्यांनी शेवंती लावलेली होती. विणता विणता मधेच उठत, डबे उन्हातून सावलीत सरकवत, शेंडे खुडत. एका फांदीवर एकच कळी ठेवायची, बाकीच्या काढायच्या, असा त्यांचा नेम. गणपतीनंतर गल्लीतली माणसे दादांची शेवंती बघायला येत. फुले सरली की फुटवे वेगळे करून शेजारी-पाजारी वाटत.

साठ सालच्या सुमारास हातमागावर भागेना. वडील यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला लागले. बारा तासांची पाळी. पैसे थोडे जास्त आणि वेळेवर मिळू लागले, आमच्या शाळेच्या फिया भरल्या जाऊ लागल्या. मी शिक्षक झालो तो त्या पाळीच्या पैशांवर, हे मी कधी विसरत नाही. पण चालू माग सोडून उठता येत नाही. आई डब्यांना पाणी घालत असे, शेवंती जगलीही. फक्त एका फांदीला दहा-बारा बारीक फुले येऊ लागली, कारण कळ्या खुडायला कोणी नव्हते. वडील त्याबद्दल काही बोलल्याचे मला आठवत नाही. पाळीवरून आले की हात-पाय धुऊन परसात जात, जरा वेळ उभे राहत आणि आत येत.

म्हणून मला वाटते की गिरणीने विणकराचे काय नेले, याचा हिशेब नुसत्या शिलिंगांत किंवा रुपयांत होत नाही. कित्येकांची मजुरी पुढे सुधारलीही. जे गेले ते, ऊन कुंडीवर आले आहे म्हणून हातातले काम ठेवून उठण्याचे स्वातंत्र्य. त्याची नोंद कुठल्याच अहवालात सापडणार नाही. फुलांच्या प्रदर्शनांच्या जुन्या याद्यांत मात्र ती आहे, त्या हळूहळू ओसरत गेल्या म्हणून.

बरे, फूल मेले का? नाही. ऑरिक्युलाचे बी लावले तर मूळ झाडासारखेच रोप येईल याचा भरवसा नसतो. नाव असलेला प्रत्येक वाण फुटव्यानेच टिकवावा लागतो. म्हणजे तो वाण जिथे जिथे आहे तिथे तेच एक रोप तुकड्या-तुकड्यांनी जगत असते, या हातातून त्या हातात. मधली एक पिढी चुकली की संपले. अठराव्या शतकातले बहुतेक वाण असेच नाहीसे झाले, आता त्यांची नुसती नावे जुन्या याद्यांत उरली आहेत. जे टिकले ते काही हट्टी माणसांमुळे. मिडलटनच्या रॉबर्ट लँकाशायरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला 'लँकाशायर हीरो' नावाचा वाण काढला आणि तो गाजला. शेफिल्डमध्ये सुऱ्या घडवणारा बेन सिमोनाइट आणि फ्रान्सिस हॉर्नर हा पाद्री यांनी त्या शतकाच्या उत्तरार्धात हा नाद धरून ठेवला. १८७० च्या दशकात ऑरिक्युलाच्या राष्ट्रीय संस्थेचे उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग उभे राहिले. केंब्रिजचे गव्हाचे प्रसिद्ध संशोधक सर रोलंड बिफन यांनीही आयुष्यभर ही रोपे सांभाळली. त्यांचे ऑरिक्युलावरचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५१ साली निघाले.

आज तिकडे ही फुले सांभाळणाऱ्यांत मला भेटलेल्या बसचालकांसारखे निवृत्त लोक बरेच आहेत. साहजिकच आहे. स्वतःचा दिवस पुन्हा हाती यायला आता साठी उलटावी लागते. त्या गृहस्थांच्या नव्वदीच्या मित्राने आदल्याच वर्षी आपल्या सगळ्या रोपांचा एकेक फुटवा त्यांच्या हवाली केला होता. प्रत्येक कुंडीत पांढरी पट्टी, तिच्यावर पेन्सिलीने वाणाचे नाव आणि खाली तो कोणाकडून आला त्याचे नाव. शाई उडते, पेन्सिल राहते, असे ते म्हणाले. मी त्या पट्ट्या वाचत कितीतरी वेळ उभा होतो. एखाद्या घराण्याची वंशावळ वाचावी तसे वाटत होते, फक्त यातली माणसे एकमेकांची कोणी लागत नव्हती.

ज्यांच्या घरी माग होता, मग तो इचलकरंजीत असो, सोलापुरात, मालेगावात, नाहीतर येवल्यात, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून बघा. मागावरून मधेच उठून ते कशाकडे बघायला जात? कोणाकडे कबुतरे असतील, कोणाकडे तालीम, कोणाकडे भजनाचा पेटी-तबला, कोणाकडे डब्यातली शेवंती. उत्तर मिळाले तर लिहून ठेवा, आणि फुटवा उरला असेल तर लावा. शेवंतीचे फुटवे काढायचे दिवस आता जवळच आले आहेत.